फरशीखालचा खर्च

घर रंगवायला दिवाळीचं निमित्त असतं, स्वयंपाकघर बदलायला घरातल्या लग्नाचं. न्हाणीघराला मात्र हात लागतो तो नाइलाज झाल्यावर. खालच्या खोलीच्या छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस ओल्या फरशीवरून घसरतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात एकाच पावसाळ्यात दोन्ही घडलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. मिरज हाकेच्या अंतरावर आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं ऑपरेशन वेळेत आणि चांगलं झालं. पण वॉकर घेऊन परत आल्यावर त्यांना स्वतःच्याच घरातल्या बाथरूममध्ये पाऊल टाकता येईना. अडीच फुटांचं दार, चार इंचांचा उंबरा, गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स आणि आधाराला म्हणाल तर टॉवेल टाकायचा दांडा. घरात तेव्हाच ठरलं, हे सगळं उकरून नव्यानं करायचं.

मग शोरूम पालथी घालणं आलं. सध्या काय चालतं ते दोन दुकानं फिरलं की कळतं. चार बाय दोन फुटांच्या मोठ्या टाइल्स, बहुतेक सगळ्या गुजरातेतल्या मोरबीच्या. संगमरवराच्या शिरा असलेल्या, नाहीतर सिमेंटसारख्या करड्या. मॅट काळे नळ. छतातून पाऊस पडावा तसा शॉवर. भिंतीला टांगलेलं कमोड, ज्याची टाकी भिंतीत लपते. काचेचं पार्टिशन, शॅम्पूच्या बाटल्यांसाठी भिंतीत कोनाडा, कडेनं दिवा लागणारा आरसा. बेसिनखाली ड्रॉवरचं कपाट. दिसायला सुंदर असतं सगळं, आणि त्याची हौस असण्यात मला काही गैर वाटत नाही. आमच्या आया-आज्ज्यांनी परसातल्या अंधाऱ्या न्हाणीत, शहाबादीवर बसून, बंबाच्या धुरात, घरातले पुरुष उठायच्या आत आंघोळी उरकल्या. जिथं बाईला दिवसातली दहा मिनिटं एकटीला मिळतात ती जागा उजेडाची आणि देखणी असावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न आहे तो पैसा कुठं आधी घालायचा याचा. आमचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, टाइल कुणी पण बसवतंय. पाणी कुठनं येणार आणि कुठं जाणार ते आधी बघूया. मग तुम्ही दुकानात जावा." मी दुकानं आधीच फिरून आले होते, पण त्यांचं म्हणणं लगेच पटलं. बजेटचा कागद पुन्हा मांडला आणि वरून खाली न येता खालून वर गेले.

खाली काय होतं ते सांगते. ब्रेकरनं जुनी फरशी उचलली तेव्हा टाइलखालचं सिमेंट हातात वाळूसारखं आलं. त्याखाली भरावात बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, चुना, एक गंजकं पत्र्याचं झाकणसुद्धा. सगळं ओलंचिंब, आणि त्याला एक कुबट वास. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा खाली धरलेला असतो, पाइप त्या खोलगट जागेतून जावेत म्हणून. तिथं असला भराव घातला की सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्यात साठून राहतं आणि सावकाश स्लॅबमध्ये मुरतं. आमच्या खालच्या खोलीला दर दोन वर्षांनी रंग लावणं चाललं होतं आणि ओलीचा उगम मात्र वर, या राडारोड्यात होता. वरच्या फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून ही ओल थांबत नाही. वरून फवारायची रसायनंही मिळतात. त्यांनी एखादा हंगाम निघतो, भरावात साठलेलं पाणी तिथंच राहतं.

वॉटरप्रूफिंगचं काम बघण्यासारखं असतं, आणि ते घरातल्या कुणीतरी उभं राहून बघावंच. स्लॅब घासून स्वच्छ करायचा. पाइप जिथं स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो तिथली फट न आकसणाऱ्या मसाल्यानं भरायची, कारण गळती बहुतेक वेळा तिथंच असते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्याला काटकोन न ठेवता गोलाई द्यायची. मग सिमेंटमध्ये पॉलिमर कालवून त्याचे दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा, आणि जमिनीवर न थांबता भिंतीवरही किमान फूटभर चढवायचे. शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत. हे वाळलं की नाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीच्या, तोंडात बोळा घालून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि पूर्ण दोन दिवस तसंच ठेवायचं. कडेला खडूची रेघ मारायची. दोन दिवसांनी पाणी रेघेच्या फार खाली गेलंय का आणि खालच्या छताला कुठं ओलसर डाग दिसतो का, ते बघायचं. या दोन दिवसांत काम बंद राहतं, मजूर दुसरीकडं जातात, घरात कुरकुर होते. तरी ते द्यावेत. टाइल बसल्यावर हीच परीक्षा घ्यायची म्हटलं तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

पाइपांचं तसंच. जुन्या घरांत लोखंडी जीआय पाइप असतात, आतून गंजून त्यांची भोकं निम्मी झालेली. ते अर्धे ठेवून अर्धे बदलायचा मोह आवरावा. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी हवा, तो ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. साधा यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी. दिसायला दोन्ही पाइप प्लास्टिकचेच, म्हणून हे विचारून घ्यायचं. भिंत बुजवायच्या आधी हातपंपानं लाइनला दाब देऊन रात्रभर ठेवायचा आणि सकाळी काटा बघायचा. भिंतीत दडलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडं किंवा शॉवरकडं वळवणारा खटका, घ्यायचा असेल तर त्याचे सुटे भाग सांगलीत मिळतात का, हे दुकानदाराला रोख विचारावं. वरची चकचकीत प्लेट बदलता येते, भिंतीतलं पितळी अंग बदलायला टाइल फोडावी लागते. भिंतीतल्या भागाला चांगलं नाव असलेल्या कंपनीचा माल आणि बाहेरच्या नळाला मध्यम किमतीचा, अशी विभागणी मला सर्वात शहाणपणाची वाटली.

आता मोठ्या टाइलबद्दल. भिंतीवर ती खरोखर चांगली. सांधे कमी, म्हणजे काळं पडायला जागा कमी, आणि लहान खोली मोठी भासते. जमिनीवर मात्र चार बाय दोनची टाइल मला अजिबात मंजूर नाही. न्हाणीच्या जमिनीला दर मीटरला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उतार लागतो, आणि नाणी ट्रॅप कोपऱ्यात किंवा मध्ये असला तर तो उतार चारी बाजूंनी त्याच्याकडं यावा लागतो. मोठी टाइल एका तुकड्यात चार बाजूंना वाकणार कशी? मग एकतर ती तिरकी कापावी लागते, नाहीतर उतार मारला जातो आणि पाणी दाराशी तळं करून बसतं. मोठीच हवी असेल तर भिंतीच्या कडेनं लांब पट्टीची जाळी घ्यावी, म्हणजे सगळ्या जमिनीला एकाच दिशेनं उतार देता येतो. आम्ही जमिनीला एक बाय एकच्या मॅट टाइल्स घेतल्या. सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त, आणि उतारही मनासारखा बसला. टाइलच्या खोक्यावर आर ९, आर १०, आर ११ असे आकडे असतात, घसरण किती रोखते त्याचे. न्हाणीला आर १० च्या खाली जाऊ नये. दुकानात नमुन्याच्या टाइलवर साबणाचं पाणी ओतायला सांगितलं आणि चपला काढून उभी राहिले. दुकानदारानं स्वतःहून आणखी दोन नमुने आणून टाकले. मॅट असं नाव असलेली प्रत्येक टाइल पाय धरत नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं.

सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट घेतलं. साध्यापेक्षा बरंच महाग पडतं, लावणाराही सरावलेल्या हाताचा हवा, कारण ते पटकन घट्ट होतं आणि वेळेत पुसलं नाही तर टाइलवर डाग धरतो. पण आपल्याकडं बाथरूम धुवायला सर्रास ॲसिड वापरतात, आणि ॲसिड सिमेंटचे सांधे खातं. सांधा झिजला की पाणी पुन्हा खाली उतरतं. हा खर्च मला वॉटरप्रूफिंगचाच भाग वाटतो.

सांगलीत न्हाणीघर करताना पुराचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझं माहेर नदीकाठच्या गावभागातलं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर त्या घरानं बघितले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लोकांना वाटतं पूर दारातून येतो. तळमजल्यावर तो आधी न्हाणीतून येतो. नदी चढली की गटारं तुंबतात, आणि तुंबलेल्या गटाराचं पाणी नाणी ट्रॅपमधून, कमोडमधून उलटं घरात उफाळतं. उंबऱ्याशी वाळूची पोती रचून माणसं रस्त्याकडं बघत बसतात आणि मागं मोरीत काळं पाणी चढत असतं. पुरानंतरचा तो गाळ, तो वास ज्यांनी खराट्यानं काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पूरपट्ट्यातल्या घरात बाथरूम करणार असाल तर बाहेर जाणाऱ्या ड्रेनेजच्या लाइनला, चेंबरमध्ये, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पाणी उंबरा ओलांडून आलं तर त्याचा उपयोग संपतो, हे खरं. पण पायरीपर्यंत येऊन ओसरणारं पाणीही असतं, आणि तेवढ्यात घर वाचतं. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, तेव्हा मे महिन्यात एकदा उघडून साफ करायचा. चौकट ग्रॅनाइटची करा, दार पीव्हीसीचं. बेसिनखालचं ते एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं, देखणं कपाट तिथं घेऊच नका. एका पुरात ते फुगून उकलतं, आणि पूर नसला तरी रोजच्या ओलीनं दोन-तीन वर्षांत सादळतं. माहेरी आम्ही कडाप्प्याची फळी टाकली आणि खाली प्लास्टिकच्या टोपल्या ठेवल्या. विजेचे पॉइंट खांद्याच्या वर घेतले.

पाण्याची दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. कृष्णाकाठच्या जमिनी अतिपाण्यानं क्षारपड झाल्या, हे इथला शेतकरी जाणतो, आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत तेच नळाला दिसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. बोअर घेतली असेल तर पाणी तपासून मगच फिटिंग निवडावं. काळ्या मॅट नळावर क्षाराचा प्रत्येक थेंब पांढरा उमटतो, आणि तो घासायला गेलं की हलक्या प्रतीचा काळा थर निघतो. साधा क्रोमचा, पितळी अंगाचा जड नळ लिंबूफुलाच्या पाण्यानं पुसला की पुन्हा लख्ख होतो. काचेच्या पार्टिशनलाही हेच लागू. ओलं-कोरडं वेगळं ठेवण्याची कल्पना फार चांगली, कमोडजवळची जमीन कोरडी राहिली की निम्मं घसरणं टळतं. पण काच घ्याल तर प्रत्येक आंघोळीनंतर कुणीतरी वायपर फिरवायला हवा, आणि बहुतेक घरांत ते "कुणीतरी" म्हणजे घरातली बाई असते. आम्ही आंघोळीचा भाग अर्धा इंच खाली घेतला आणि जाड पडदा लावला. काच घ्यायचीच असेल तर टफन्ड, आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, दुसरी कुठलीही नको.

पावसासारख्या शॉवरचा मोह मलाही झाला होता. मग हिशोब केला. साधारण ३३ फूट उंचीवरच्या पाण्याला एक बारचा दाब मिळतो. आपल्या एकमजली-दुमजली घरांत गच्चीवरची टाकी वरच्या बाथरूमच्या शॉवरपासून जेमतेम सात-आठ फूट उंच असते, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. त्या दाबावर बारा इंचांच्या रुंद शॉवरमधून पाऊस पडत नाही, ओघळ गळतात. प्रेशर पंप बसवला की पडतो, पण मग पंप, त्याची वीज, त्याचा आवाज आणि जुने पाइप हे सगळं आलं. ज्यांच्याकडं ते आहे त्यांनी खुशाल घ्यावा. नाहीतर लहान तोंडाचा चांगला शॉवर आणि दांडीवर वरखाली सरकणारा हँड शॉवर, एवढ्यात आंघोळ सुखाची होते. बादली-तांब्यानं आंघोळ करणारी माणसं घरात असतील तर बादलीचा नळ पुरेसा उंच आणि बसायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर घ्यायला विसरू नका. नव्या नकाशांत हा नळ कसाबसा कोपऱ्यात ढकललेला असतो.

टांगलेलं कमोड खाली झाडू-पुसायला फार सोयीचं, लोखंडी फ्रेम नीट बसवली तर वजनाचीही चिंता नाही. पण भिंतीत सहा-आठ इंच जागा जाते, आणि टाकी बिघडली तर सगळी दुरुस्ती फ्लशच्या प्लेटमागच्या त्या चौकोनातून. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये मी जमिनीवरचं, एका तुकड्याचं कमोड पसंत केलं. घेण्याआधी तयार भिंतीपासून खालच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्यायचं, नऊ इंच की बारा ते ठरलेलं असावं लागतं. दोन बटणांचा फ्लश मात्र घ्यावाच. तीन आणि सहा लिटर. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर ओततात. मार्च-एप्रिलमध्ये ज्यांच्या गल्लीत पाणी कमी दाबानं येतं त्यांना हा फरक लगेच कळेल.

विजेबाबत तडजोड नाही. बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. हा खर्च दोन-तीन हजारांचा, आणि दिव्याच्या आरशाआधी तो व्हायलाच हवा. बरोबर अर्थिंग तपासून घ्या; जुन्या घरांत तिसऱ्या पिनेची वायर असते, पण ती पुढं कुठंच पोचलेली नसते. आणि गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर हा लेख बाजूला ठेवून आजच तो काढून बाहेर बसवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दार लावून आत गेलेलं माणूस हाक मारायलाही उठू शकत नाही.

सासूबाईंसाठी जे केलं ते सगळ्यात स्वस्तात झालं. उंबरा काढला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या आत जमिनीत लांब जाळी घेतली. दार तीन फुटांचं केलं आणि बाहेर उघडणारं. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर घडली होती. कडी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी. कमोडची बैठक जमिनीपासून अठरा इंच उंच, म्हणजे उठताना गुडघ्यांवर सगळा भार येत नाही. कमोडच्या बाजूला एक आडवा आणि आंघोळीच्या जागेत एक उभा, असे स्टीलचे दांडे, मुठीत मावतील एवढ्या जाडीचे. ते टाइलच्या भरवशावर लावून चालत नाही. भिंत उघडी असतानाच जागा ठरवून विटेच्या आत खोल अँकर घेतले आणि लावल्यावर मी माझं सगळं वजन टाकून लोंबकळून बघितलं. जमिनीपासून फूटभरावर एक घंटी बसवली, पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशी. रात्री पाऊल टाकलं की आपोआप लागणारा लहानसा दिवा.

सासूबाई आधी रुसल्या. "मी काय एवढी म्हातारी झाले व्हय? दवाखाना केलाय सगळा," म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला समजत होतं. स्वतःच्या घरात आजाऱ्यासारखं वागवलेलं कुणालाच आवडत नाही. दांडे नळांच्या क्रोमसारख्याच चकाकीचे घेतले आणि एकावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. आता शेजारच्या काकू येतात तेव्हा त्याच त्यांना आत नेऊन दांडा धरून दाखवतात. आणि माझा मुलगा क्रिकेट खेळून पाय मुरगळून आला तेव्हा त्यालाही तोच दांडा लागला. पाहुण्यांत कुणी गरोदर मुलगी असते, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. घर चाळीस वर्षं वापरायचं तर त्यात कधी ना कधी प्रत्येकाला आधार लागतो.

एवढं सगळं करून पैसे उरले त्यातून भिंतीतला कोनाडा केला आणि आरसा जरा मोठा घेतला. एक्झॉस्ट फॅन तर लागतोच, खिडकी असली तरी. दिव्याचा आरसा, गाणी वाजवणारा शॉवर, आपोआप उघडणारं झाकण, यांतलं काहीही नंतर कधीही लावता येतं. भिंत फोडावी लागत नाही, त्यामुळं घाई नाही.

काम काढायचंच असेल तर दिवाळीनंतर काढा. हवा कोरडी असते, थर नीट वाळतात, आणि नदीकडं बघत बसावं लागत नाही. आणि भिंती बुजवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पाइपाशेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे उद्या खिळा ठोकताना नेमका पाइप फुटणार नाही. ते फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर असू देत. प्रत्येक टाइलचं एकेक खोकं जास्त घेऊन माळ्यावर टाका. पुढच्या वर्षी तोच नंबर मागितला तरी बॅच वेगळी असते आणि छटा जुळत नाही.